गजूच्या जीपला पाहुण्यांचे ब्रेक

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलं की दोन गोष्टी साचत जातात. एक म्हणजे लोकांनी नमुना म्हणून आणलेले जुने पार्ट. "राहू द्या भाऊ, उद्या नेतो," म्हणतात आणि नंतर फिरकतच नाहीत. दुसरी म्हणजे किस्से. तेही लोक असेच ठेवून जातात. जुने पार्ट आमचे शेठ दिवाळीच्या साफसफाईत भंगारात काढतात. किश्शांचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

बरं, किस्से म्हटलं की लोकांना हसायला हवं असतं. माझ्याकडचे बहुतेक कपाशीच्या त्या वाईट वर्षांतले. तेव्हा यवतमाळचं नाव रोज पेपरात यायचं आणि ते वाचून पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करायचे, "तुम्ही बरे आहात ना?" आम्ही बरेच होतो! दुकान उघडत होतो, चहा पीत होतो. तेव्हा हसू आलं तर हसा, मीही हसलो होतो. घरी गेल्यावर घास उतरायचा नाही, ती गोष्ट वेगळी.

* * *

आमचं दुकान यवतमाळात, कळंबच्या रस्त्याला. त्या वर्षांत नवी गाडी घेणारा माणूस दाखवा आणि बक्षीस मिळवा, अशी परिस्थिती होती. जी गाडी होती तीच चालवायची. तिचा पार्ट मिळाला नाही तर दुसऱ्या गाडीचा कापून, घासून, बुश मारून बसवायचा. त्यामुळे माझं खरं काम पार्ट विकण्याचं नव्हतंच. कोणाचं कोणाला बसतं, हे सांगण्याचं होतं. लग्न जुळवणाऱ्यासारखं!

एकदा राळेगावकडचा एक गडी डिझेल पंप मागायला आला.

"कोणत्या गाडीचा देऊ?" मी विचारलं.

"जे बसन त्या गाडीचा द्या!"

"अहो, पण तुमची गाडी कोणती?"

"तेच तं समजून नाई राह्यलं भाऊ. इंजिन एकीचं हाय, गेअर दुसरीचा, अन् कागदं तिसरीचे!"

मी अंदाजाने एक पंप दिला. तो परत आला नाही, म्हणजे बसला असावा.

* * *

दुकानाला लागून रज्जाक चाचांचं गॅरेज. चाचा ब्रेकच्या कामात पक्के आणि तोंडाने फटकळ. गिऱ्हाईक नवे लायनर टाकायला कुरकुर करू लागलं की ते वाद घालत नसत. गाडीत बसायचे, गॅरेजच्या टोकाला रिव्हर्स घ्यायचे आणि मालकाला हाक मारायचे.

"या इकडं. गाडीसमोर उभे राहा."

"काहून चाचा?"

"तुमचे लायनर चांगले हाय ना? मी गाडी जोरात आणतो. तुमच्याजवळ आलो का ब्रेक मारतो. खडे रहो बस!"

चाचा एक्सलेटरवर पाय देऊन इंजिन गुरगुरवायचे. गाडी जागची हलायच्या आधीच मालक बाजूला उडी मारायचा.

"नवे टाका चाचा, नवे टाका!"

एकच माणूस कधी हलला नाही. गजू. कळंब ते यवतमाळ काळी-पिवळी जीप चालवायचा, स्वतःचीच होती. चाचांनी त्यालाही उभं केलं आणि खरोखर गाडी सोडली. गजू उभाच! शेवटी चाचांनी घाबरून स्टेअरिंग फिरवलं आणि जीप ऑइलच्या रिकाम्या ड्रमांवर घातली.

"अबे पागल हाय का तू?" चाचांचा आवाज फुटला होता.

"मले मालूम होतं ना, बिरेक लागत नाई म्हून," गजू म्हणाला. "तुमच्यावर भरोसा होता, गाडीवर नाई."

* * *

गजूच्या त्या जीपचा ब्रेक म्हणजे एक विधी होता. पहिल्यांदा दाबला की नुसता पाय खाली जायचा, दुसऱ्यांदा दाबला की गाडीला आठवण व्हायची आणि तिसऱ्यांदा ती थांबायचा विचार करायची. गजू बाकी सगळं गेअरवर सांभाळायचा. प्रवाशांनाही सवय होती. फाट्यावर उतरायचं असेल तर माणसं दोन खांब आधीच ओरडायची. कुणाची काही तक्रार नव्हती, सगळ्याच गाड्या तशा होत्या.

पण त्या वर्षांत काळी-पिवळीला आणखी एक काम लागलं. आमच्याकडे विषाला विष म्हणत नाहीत, औषध म्हणतात. फवारणीचं ते औषध. "अमक्यानं औषध घेतलं," एवढा निरोप स्टँडवरच्या एसटीडी बूथवर यायचा आणि सगळे ड्रायव्हर एकमेकांकडे पाहू लागायचे. कुणाला सीट खराब होण्याची भीती, कुणाला पोलिसांच्या प्रश्नांची, कुणाला नुसतीच भीती. गजू चावी घ्यायचा. मग पुढे पुढे बूथवाला इतरांना सांगायचाच नाही. गजूलाच हाक मारायचा.

एकदा भर दुपारी तो असाच एक पोरगा घेऊन निघाला. मागे पोराचा बाप त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. गजूने गाडी अशी आणली की सांगता सोय नाही. सारखा ब्रेक मारून चाकांतले ब्रेकचे ड्रम तापले. दवाखान्याचं गेट आलं, गजूने पाय दाबला, दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. जीप गेटवरून सरळ पुढे गेली! पुढे कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागलेली, गाडी वळवायला जागाच नव्हती. शेवटी बापाने पोराला खांद्यावर टाकलं आणि उलटा पळत दवाखाना गाठला. गजू मागून धावत होता.

पोरगा गेला. डॉक्टरांनी गजूला समजावून सांगितलं की बाबा, घरीच उशीर झाला होता, तुझ्या त्या दोन-चार मिनिटांनी काही फरक पडला नसता. गजूने मान हलवली. दवाखान्यातून तो थेट माझ्या काउंटरवर आला. मी चहा मागवला, तो तसाच निवला.

"भाऊ," शेवटी तो म्हणाला, "थांबणारे बिरेक द्या."

त्याच्या गाडीला बसतील असे त्याहून चांगले ब्रेक कुठे मिळतच नव्हते.

* * *

आता पाहुण्यांचं सांगतो. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात पाहुणे फार. पाहणी करणारे, अभ्यास करणारे, कॅमेरेवाले. पांढऱ्या मोठ्या गाड्यांमधून यायचे, बांधावर उभे राहायचे, मान हलवायचे आणि संध्याकाळच्या आत परत निघायचे. आमच्या दुकानासमोरून त्यांच्या रांगा जायच्या. चाचा त्या गाड्यांची चाकं पाहायचे. माणसांकडे पाहत नसत.

अशीच एक भाड्याची गाडी परत जाताना रस्ता सोडून नाल्यात उतरली. पाहुण्यांना खरचटलंही नाही, देवाची कृपा. गाडीचा मागचा भाग मात्र पार चेपला. विम्याचं वगैरे उरकल्यावर ती भंगारात आली. चाचांनी जाऊन पुढची चाकं खोलली आणि तिथून मला निरोप धाडला, गजूला घेऊन ये.

त्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होते. गजूच्या जीपला जुने ड्रम. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, आणि तिला दोन्हीकडून पकडणारा चिमटा तो कॅलिपर. थाळी बसेना म्हणून चाचांनी तिचं भोक लेथवर मोठं करून घेतलं. कॅलिपर धरायला जीपच्या एक्सलवर जागा नव्हती, म्हणून जाड पत्र्याची पाटी कापून भोकं पाडली. ती फुकट गेली, मग दुसरी कापली. मास्टर सिलिंडर, बूस्टर, सगळं पाहुण्यांच्या गाडीचं. एवढं झाल्यावर चाक चढवायला गेले तर जीपचं चाक लहान, ते कॅलिपरला घासायला लागलं. त्या गाडीची मागची चाकं शाबूत निघाली होती, मग चारही चाकं पाहुण्यांचीच!

गजू रोज येऊन चाचांच्या शेजारी उकिडवा बसायचा. घाई कर म्हणाला नाही. औषधाचा फोन आला की दुसऱ्याची जीप मागून न्यायचा आणि परत येऊन तसाच बसायचा.

शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर चाचांनी हात पुसले. "इतके मेहमान आले अन् गेले," ते म्हणाले. "आपल्या कामी आलं म्हणावं तं हेच!"

* * *

नव्या ब्रेकचा पहिला दिवस, मीही जीपमध्ये होतो. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी उभी. पहिल्याच फाट्यावर पुढचे दोघे काचेला जाऊन भिडले, मागच्या बाईच्या मांडीवरची वांगी सगळ्या गाडीभर झाली आणि एका म्हाताऱ्याने "मेलो, मेलो" म्हणून बोंब ठोकली.

"मेले नाई बाबा," गजू मागे वळून म्हणाला, "थांबलो आपण!"

त्याचा तेवढा उजळलेला चेहरा नंतर मी पाहिला नाही.

पण खरी गंमत गंगूमावशीची. ही म्हातारी रोज भाजी विकून परत जायची. तिचं घर फाट्याला लागून. सवयीप्रमाणे तिने दोन खांब आधीच आवाज दिला, "थांबव रे बाप्पा!" गजूने थांबवली. मावशी रिकामी टोपली घेऊन खाली उतरली आणि पाहते तर घर कुठल्या कुठे! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सवय काही तिची जाईना. चौथ्या दिवशी तिने टोपली आपटली.

"तुही पयलेची गाडीच चांगली होती मेल्या! घरापावतर येत होती!"

* * *

चाचांनी सगळ्याचा विचार केला होता. एका गोष्टीचा विसरले, आणि मीही विसरलो. स्टेपनी!

गजू एका बाईला घेऊन चालला होता. तरणी बाई, औषध घेतलेली. सोबत सासू. कळंब सोडलं आणि पुढचं चाक पंक्चर झालं. गजूने जॅक लावला, नट खोलले, स्टेपनी काढली आणि चढवायला गेला तर चढेना. स्टेपनी जुनी, लहान चाकाची. ती त्या कॅलिपरवरून जाणार कशी? गजू सांगतो, तेच गेट, तोच बाप, तोच खांद्यावरचा पोरगा डोळ्यांसमोर आला. तो स्टेपनी तशीच दाबत राहिला. सासू रस्त्यात उभी राहून रडत गाड्यांना हात करत होती, गाड्या निघून जात होत्या.

तेवढ्यात मागच्या सीटवरून ती बाई कशीबशी उठून बसली. ओकून ओकून आवाज गेलेला.

"मागचं चाक पुढं लाव ना, अन् हे मागं लाव!" ती म्हणाली. "मागं तं जुनेच बिरेक हाय ना तुहे? लवकर कर, बाप्पा, लवकर कर!"

नवरा तिचा टेम्पोवर ड्रायव्हर होता. चाकं बदलणं तिने शंभरदा पाहिलेलं.

गजूने मागचं चाक पुढे लावलं, स्टेपनी मागे लावली. बाई पूर्ण रस्ताभर त्याला "जोरात घे, जोरात घे" म्हणत होती. वाचली. पुढे एकदा ती नवऱ्यासोबत माझ्या दुकानात आली होती, टेम्पोची क्लच प्लेट घ्यायला. मी ओळख दाखवली नाही. तिनेच विचारलं, "त्या गजूभाऊनं मोठी स्टेपनी घेतली का?"

* * *

आता तुम्हाला वाटेल, एवढे चांगले ब्रेक म्हटल्यावर गजूच्या गाडीला गर्दी झाली असेल. उलटंच झालं. ही जीप दारात आली म्हणजे घरात काहीतरी घडलं, असं गावोगाव बसून गेलं. ती गल्लीत शिरली की बाया दारं लावायच्या. स्टँडवर ती नंबरात पहिली उभी असली तरी प्रवासी मागच्या जीपमध्ये जाऊन बसायचे. गजूने लिंबू-मिरची बांधली, सीटला फुलाफुलांचं कापड लावलं, मागे लाल पडदा लावला. एका माणसाने आत डोकावून विचारलं, "पडदा त्याह्यच्यासाठीच लावला ना?" आणि तो चालत निघून गेला.

भास्करकाकांच्या पोरीचं लग्न होतं. काका राळेगावच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातले, कापूस पेरणारे, स्वभावाने मऊ. वऱ्हाडाला स्टँडवरच्या तीन जीपा सांगितल्या होत्या, त्यात गजूची आली. काकांनी ती पाहिली आणि हात जोडून पुढे आले.

"गजू, तू चांगला हायस. तुह्या गाडीचे बिरेकही चांगले हाय म्हणते. पण लग्नाच्या घरून हे गाडी नको ने बाप्पा. पोरीचं सारं चांगलं होऊ दे."

गजूच्या गाडीतली माणसं उरलेल्या दोन जीपांत कोंबली. टपावरसुद्धा पोरं बसवली. गजू मात्र घरी गेला नाही. रिकामी गाडी घेऊन वऱ्हाडाच्या मागे मागे थेट मांडवापर्यंत गेला. मी नंतर त्याला म्हटलं, अरे अपमान झाला तुझा, तू कशाला गेलास?

"त्या दोघायचे बिरेक लागत नाई भाऊ, मले मालूम हाय. रस्त्यात कोणाले लागलं-बिगलं तं?"

मांडवातून काकांनी त्याला ताट पाठवलं आणि निरोप दिला, जेवून घे, पण गाडी जरा दूर लाव.

"दूरच लावली," गजूने उलट निरोप पाठवला. "आता पाहिजे तिथं थांबते ते!"

आम्ही गॅरेजात हे ऐकून हसलो. चाचा हसले नाहीत. ते पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली गेले.

* * *

आणि हा शेवटचा. गजूने तो एकदाच सांगितला, गॅरेजच्या बाकावर बसून, चाचांना आणि मला.

लग्नाला वर्ष होत आलं असेल. कापूस वेचून, विकून झाला होता, शेतांतल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्याही उपटून झाल्या होत्या. फवारणीचे दिवस केव्हाच सरले होते. भास्करकाकांच्या गावाकडे कुणाला तरी सोडून गजू दुपारचा रिकामा परत येत होता. वळणावरून बाहेर पडला आणि समोर रस्त्याच्या मधोमध एक माणूस हात वर करून उभा!

गजूने ब्रेक दाबला. जुने ब्रेक असते तर काय झालं असतं ते सांगायला नको. जीप त्या माणसाच्या पुढ्यात वीतभर अंतरावर उभी राहिली. तो हलला नव्हता. भास्करकाका होते. दुसऱ्या हातात वायरची पिशवी, तिच्यातून औषधाच्या बाटलीचं सीलबंद तोंड वर आलेलं.

"काका, मेले असते ना आत्ता!" गजू ओरडला.

काका बंपरकडे पाहत राहिले.

"कुठं जायचं हाय?"

"कुठंच नाई."

"मंग हात काहून केला?"

"आधी दोन गाड्या गेल्या. कट मारून गेल्या," काका म्हणाले. "तुह्या गाडीचे बिरेक चांगले हाय म्हणते. म्हून पाहून राह्यलो, थांबते का."

गजू खाली उतरला. प्रवाशाचं सामान घेताना पुढे करतो तसा त्याने हात पुढे केला.

"द्या ते पिशवी. टपावर टाकतो."

"राहू दे. पायाशी ठेवतो."

"पायाशी जागा नाई, काका."

काकांनी वाकून जीपमध्ये पाहिलं. सगळी गाडी रिकामी होती. मग त्यांनी पिशवी गजूच्या हातात दिली. गजू टपावर चढला, पिशवी कॅरिअरला दोरीने करकचून बांधली आणि खाली उतरून त्याने पुढचं दार उघडलं. काका बसले. या गाडीत आजवर तसल्या कामासाठी आणलेला प्रत्येक माणूस मागे आडवा असायचा. काका पुढे बसले होते, ताठ.

गजूने गाडी वळवली नाही, सरळ यवतमाळच्या दिशेने काढली. सवयीने त्याचा पाय एक्सलेटरवर जोरात पडला.

"हळू घे, गजू," काका म्हणाले. "घाई नाई."